शिपायाचे अपील

आपला सातारा जिल्हा पलटणीला माणसे देणारा म्हणून फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, आणि त्यांचे स्मारक तेथे आजही पाहावयास मिळते. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर नजर टाकली तरी प्रत्येक वर्गात चार-दोन मुले अशी निघतात की ज्यांचे वडील, चुलते अथवा आजोबा फौजेत होते किंवा आहेत. तेव्हा या लेखाचा विषय आमच्या वाचकांस परका वाटू नये.

जवान गावातून निघतो तेव्हा त्याला ओवाळतात. तो धारातीर्थी पडला तर सारा तालुका त्याच्या अंत्ययात्रेस लोटतो. हात किंवा पाय गमावून आला तर त्याच्याकडे पाहून लोक हळहळतात, आणि अशांच्या सोयीसाठी पुण्यास १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्रही चालू आहे. परंतु फौजेतून परत येणाऱ्यांत आणखी एक वर्ग असतो, आणि तो पुष्कळ मोठा असतो. त्यांचे हातपाय शाबूत असतात. पण कोणाचा रक्तदाब बिघडलेला असतो, कोणाच्या कानांस तोफांच्या आवाजाने बधिरता आलेली असते, कोणाला फेफरे येते, तर कोणाचे मनच ठिकाणावर राहिलेले नसते. ही इजा डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तिची कोणी विचारपूस करीत नाही. अशा मनुष्याच्या हाती एके दिवशी पोस्टमन एक पत्र देतो. त्यात लिहिलेले असते की, आपले अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेले नसल्याने आपला पेन्शनचा दावा अमान्य करण्यात येत आहे. या पत्रापुढे काय करावे, याविषयी चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटते.

आम्ही वकील नव्हे आणि फौजेतही कधी नव्हतो. आम्ही शाळेत मराठी शिकवितो, व शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर गावातील कोणाचे पत्र वाचून द्यावयाचे किंवा अर्ज लिहून द्यावयाचा असेल तर तो लिहून देतो. या कामाची आवड आम्हांस लागण्यास एक घरचेच कारण झाले. आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांचा डावा कान गेलेला होता. जेवताना आम्ही मुले नेहमी त्यांच्या उजव्या बाजूस बसत असू. त्या कानाबद्दल त्यांनी सरकारकडे काही मागितले होते काय, असे आम्ही मोठेपणी वडिलांस विचारले. वडील म्हणाले, “मागायचे असते हे त्यांना सांगणार कोण होते?” घरात त्यांचा एकही कागद शिल्लक नव्हता. हे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले आहे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात आम्ही अर्जलेखन शिकवीत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली आणि दप्तरातून एक लिफाफा काढून म्हणाली, “सर, हे आमच्या पप्पांचं पत्र. चार महिने झाले, ट्रंकेत पडलंय. ते म्हणतात, आता काही होत नाही.” आम्ही पत्र वाचले. तिचे वडील १९९२ साली शिपाई म्हणून भरती झाले व चोवीस वर्षे नोकरी करून २०१६ साली हवालदार या हुद्द्यावर निवृत्त झाले. निवृत्तीपूर्वी झालेल्या मेडिकल बोर्डाने त्यांस उच्च रक्तदाबाचा विकार असून त्यापासूनचे अपंगत्व ३० टक्के व कायमचे आहे, असे ठरविले होते. मात्र त्याच कागदावर, हा विकार सेवेमुळे उद्भवला काय आणि सेवेमुळे वाढला काय, या दोन्ही प्रश्नांपुढे ‘नाही’ असे लिहिले होते. कारण एका ओळीचे होते: रोग शांत ठाण्यावर असताना प्रथम आढळला.

त्या शनिवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. हवालदारांनी पत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. ते म्हणाले, “गुरुजी, सरकारनं नाही म्हटलं, विषय संपला. चोवीस वर्षांत वरच्याच्या हुकुमाला उलट उत्तर दिलं नाही. आता घरी बसून देऊ होय?” थोड्या वेळाने त्यांनी खरी अडचण सांगितली. “गावात मी ताठ चालतो. उद्या लोक म्हणतील, धडधाकट माणूस अपंगाचे पैसे मागतो.” चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबून म्हणाल्या, “धडधाकट म्हणे! माळ्यावरचं पोतं काढायचं तर मला चढावं लागतं. डोळ्यांपुढं अंधारी येते त्यांच्या.”

हवालदारांचे म्हणणे आम्हांस हास्यास्पद वाटले नाही. ज्याचे सारे आयुष्य आज्ञापालनात गेले, त्याला प्रत्येक सरकारी कागद हा हुकूमच वाटणार. आम्ही त्यांस एवढेच म्हटले, “हवालदार, या पत्राचा शेवटचा परिच्छेद वाचा. सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल, असे त्यातच लिहिले आहे. ज्याने नकार दिला त्यानेच ही वाटही लिहून दिली आहे. या वाटेने जाण्यात हुकूम मोडणे कोठे येते?” त्यांनी पत्र हातात घेतले, चष्मा लावला आणि तो परिच्छेद दोनदा वाचला. मग मुलीला म्हणाले, “ट्रंक आण.”

येथे वाचकांच्या माहितीसाठी या पेन्शनचे नियम थोडक्यात सांगणे जरूर आहे. अशा दाव्यात मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. पहिली, अपंगत्व किती टक्के आहे. ते निदान २० टक्के असावे लागते. दुसरी, ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले आहे काय. यांतील ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रोगाचे बीज शरीरात पूर्वीचे असेना का, पण थंडी, उंची, जागरण व सततचा ताण यांनी तो बळावला असेल, तरी दावा टिकतो. अपंगत्वाचा अंश शेवटच्या वेतनावर ठरतो: शंभर टक्के अपंगत्वास वेतनाच्या ३० टक्के, आणि त्याहून कमी असल्यास त्याच प्रमाणात. शिवाय ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व असल्यास ते ५० धरावे, ५० ते ७५ असल्यास ७५ धरावे, व त्यावर असल्यास १०० धरावे, असा नियम १९९६ पासून आला. तो पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्यांसही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या प्रकरणात ठरविले. म्हणजे ज्याचे शेवटचे वेतन ४०,००० रुपये आणि अपंगत्व ३० टक्के, त्याचे अपंगत्व ५० टक्के धरले जाऊन त्यास महिना ६,००० रुपये मिळावयाचे. शेतीवर भागविणाऱ्या घरात ही रक्कम थोडी नाही. हे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. १९८२, २००८ आणि २०२३ साली नवे नियम झाले. आपल्या माणसास कोणते लागू आहेत, हे तो फौजेतून कोणत्या तारखेस सुटला त्यावरून ठरते, हे ध्यानात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की, रोगाचा सेवेशी संबंध आहे हे शिपायाने सिद्ध करावयाचे, की संबंध नाही हे सरकारने दाखवावयाचे? सामान्य मनुष्यास वाटते की, मागणाऱ्यानेच सिद्ध केले पाहिजे. परंतु येथे कायद्याने न्यायाचे पारडे जाणूनबुजून शिपायाच्या बाजूस थोडे झुकविले आहे. धरमवीर सिंग नावाचे एक जवान १९८५ साली सिग्नल शाखेत भरती झाले. १९९४ साली फेफऱ्याच्या विकारामुळे त्यांस काढून टाकण्यात आले, व विकाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारण्यात आले. हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तर पुढे दोघा न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरविला. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस न्याय दिला. न्यायालयाने सांगितले ते असे: भरतीच्या वेळी तपासणी करून मनुष्य निरोगी म्हणून घेतला आणि त्या वेळी कोणत्याही रोगाची नोंद केली नाही, तर तो निरोगीच होता असे गृहीत धरले पाहिजे. पुढे त्याची प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे मानावे. सिद्ध करण्याचा भार शिपायावर नाही, आणि रास्त संशय असेल तेथे त्याचा फायदा शिपायास मिळाला पाहिजे. मेडिकल बोर्डास याहून वेगळे म्हणावयाचे असेल तर त्याने कारणे लिहावी. २०२५ सालीही सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा याच अर्थाचा निर्णय दिला आहे.

ही कल्पना केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. इंग्लंडात १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असतानाच, सैनिकांच्या पेन्शनच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांचा कायदा झाला. ‘रास्त संशयापलीकडे’ सिद्ध होणे म्हणजे काय, याचे जे विवेचन वकीलवर्ग आजही पुढे करतो, ते न्यायमूर्ती डेनिंग यांनी १९४७ साली अशाच एका सैनिकाच्या पेन्शनच्या प्रकरणात केलेले आहे. याचे कारण उघड आहे. सैनिकाची भरतीची तपासणी, त्याचे इस्पितळातील कागद, त्याच्या बदल्यांची नोंद, हे सर्व सरकारच्या कपाटात असते. ज्याच्या हाती किल्ली आहे त्यानेच कपाट उघडून दाखवावे, हे न्यायास धरून आहे.

हवालदारांच्या अपिलाचे काम असे चालले. प्रथम माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कामकाजाची नक्कल मागविली. एरवी शिपायाजवळ नुसते नकाराचे पत्र असते, आणि नकाराचे कारण पाहिल्यावाचून त्यास उत्तर देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. नक्कल आल्यावर मुलीने पट्ट्या आखलेल्या वहीत वडिलांच्या चोवीस वर्षांच्या बदल्या तारीखवार मांडल्या. ट्रंकेतील जुनी पत्रे, रजेचे दाखले, फोटोंच्या मागे लिहिलेल्या तारखा, यांवरून तिने ते जुळविले. तेव्हा असे दिसून आले की, रोग ज्या शांत ठाण्यावर ‘प्रथम आढळला’ तेथे हवालदार येऊन अवघे सात महिने झाले होते. त्यापूर्वीची तीन वर्षे ते काश्मिरात अतिरेक्यांविरुद्धच्या कामगिरीवर होते, आणि त्याआधी दोन वेळा अतिउंच बर्फाळ प्रदेशात राहून आले होते. नदीचे पाणी आपण ज्या घाटावर भरून घेतो तेथे काही तिचा उगम नसतो. डॉक्टरांस रोग सापडला ते ठिकाण निराळे, आणि तो जडला ते निराळे. मुलीने हे वाक्य ऐकले आणि विचारले, “मग बोर्डानं मागच्या पाच वर्षांचं पान उलटून का पाहिलं नाही?” अपिलाचा सारा मुद्दा तिच्या या एका प्रश्नात आला होता.

मसुदा लिहिताना आमचा व हवालदारांचा थोडा वाद झाला. त्यांस आरंभी ‘मायबाप सरकार’ असे घालावयाचे होते, आणि शेवटी ‘गरिबावर दया व्हावी’ असे. आम्ही ती दोन्ही वाक्ये गाळली. ‘दया’ हा शब्द आला की वाचणारा अधिकारी आपण दानधर्म करावयास बसलो आहो असे समजतो, व दान न देण्यास त्यास मुभा असते. आम्ही दोनच पाने लिहिली. भरतीच्या वेळी प्रकृती उत्तम असल्याची नोंद, बदल्यांचा तक्ता, बोर्डाने दिलेले कारण, आणि ते कारण का टिकत नाही, एवढेच त्यात होते. जेथे त्यांस निश्चित आठवत नव्हते तेथे ‘निश्चित आठवत नाही’ असेच लिहिले. एका शेजाऱ्याने सुचविले की, सियाचीनला एकदा बेशुद्ध पडल्याचे घालून द्या, कोण पाहावयास येतो? हवालदार एकदम म्हणाले, “मी पाहतो ना!” त्यावर तो विषय तेथेच मिटला.

पहिले अपील एका समितीकडे जाते, व ते फेटाळले गेल्यास सहा महिन्यांच्या आत दुसरे अपील त्यावरच्या समितीकडे करता येते. हवालदारांचे पहिले अपील २०१८ साली फेटाळले गेले. उत्तरात तेच जुने वाक्य होते. तक्त्याविषयी चकार शब्द नव्हता. दुसरे अपील २०१९ साली फेटाळले गेले, व त्यातही तेच वाक्य. या काळात मुलगी दहावी झाली. प्रत्येक नकार आला की हवालदार दोन दिवस कोणाशी बोलत नसत, आणि वहिनी आम्हांस निरोप धाडीत, “गुरुजींना म्हणावं, येऊन जा.” आम्ही जात असू. सांगण्यासारखे आमच्याजवळ विशेष काही नसे. फक्त एवढेच सांगत असू की, आपल्या तक्त्यास अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही. तेव्हा आपण हरलो असे म्हणता येणार नाही.

दोन्ही अपिले संपल्यावर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे दार उघडते. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण निर्माण झाले व ऑगस्ट २००९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. त्यापूर्वी अशा शिपायास उच्च न्यायालयाच्या लांबलचक रांगेत उभे राहावे लागे. न्यायाधिकरणाच्या पीठावर एक सदस्य न्यायाधीशवर्गातील व एक लष्करातील वरिष्ठ निवृत्त अधिकारी असतो. त्यामुळे कायदा जाणणारा आणि छावणी जाणणारा असे दोघेही ऐकावयास बसतात. महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांसाठी त्याचे पीठ मुंबईस आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत अर्ज करावयाचा असतो. विलंब झाल्यास सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, परंतु त्यावर विसंबून राहू नये. अपिलास उत्तरच न देता सहा महिने लोटले, तरीही न्यायाधिकरणाकडे जाता येते.

हवालदारांनी २०२० च्या आरंभी अर्ज केला. लागलीच करोनाची साथ आली आणि तारखा लांबत गेल्या. २०२२ साली निकाल लागला. रोग सेवेतील ताणाने वाढला असे मानावे, अपंगत्व ३० ऐवजी ५० टक्के धरावे व थकबाकी द्यावी, असा तो होता. तोपर्यंत मुलगी महाविद्यालयात गेली होती. निकालाच्या कागदात त्यांच्या बदल्यांची ठिकाणे एकाखाली एक छापलेली होती. हवालदारांनी रकमेचा आकडा नंतर पाहिला. आधी तो परिच्छेद मुलीकडून दोनदा वाचून घेतला. पलीकडच्या आळीतल्या लोकांनी आपणांस धडधाकट म्हणावे की अपंग, याची चिंता त्यांस त्या दिवसापासून राहिली नाही. आपण कोठे कोठे होतो, हे कोणीतरी न्यायासनावर बसून वाचले होते.

तथापि प्रत्येक अपील असेच यशस्वी होते, असे सांगून आम्ही कोणास भुलविणार नाही. दुसऱ्या एका वाडीतील एक तरुण माजी शिपाई आमच्याकडे आला. वार्षिक रजेवर घरी असताना, बाजारातून येताना मोटारसायकल घसरून त्याचा गुडघा निकामी झाला होता. आम्ही त्याचे सर्व कागद वाचले आणि त्यास स्पष्ट सांगितले की, तुझी बाजू लंगडी आहे. रजेवर असणे हे काही बाबतींत सेवेत असणेच मानले जाते हे खरे; परंतु घरच्या कामात झालेल्या अपघाताचा लष्करी सेवेशी कार्यकारणसंबंध दाखविता आला नाही तर हे पेन्शन मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ठरविलेले आहे. २०१९ सालीही त्याच न्यायालयाने एका मनोविकाराच्या प्रकरणात मेडिकल बोर्डाचे मत मानून दावा अमान्य केला. तेव्हा शिपायाच्या बाजूने असलेले गृहीत हे भक्कम असले तरी अभेद्य नव्हे. तो तरुण खट्टू झाला, पण जाताना म्हणाला, “खरं सांगितलंत, बरं केलंत. एजंट तीस हजार मागत होता.” त्यास आम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात इतर मदतीची चौकशी करावयास पाठविले.

येथे सरकारी बाजूसही न्याय दिला पाहिजे. कचेरीत बसलेला मनुष्य शिपायाचा वैरी नसतो. त्याच्या हाती लोकांचा पैसा असतो, आणि खोटे दावे करणारेही जगात आहेत. नियम कडक असावे, याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार कारण न लिहिण्याबद्दल आहे. ‘नाही’ म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. परंतु ‘का नाही’ हे सांगितल्यावाचून म्हणू नये. वर्गात आम्ही एखाद्या मुलास गुण कमी दिले तर कारण लिहितो. मग ज्याने बर्फात उमेदीची वर्षे काढली त्यास एक ओळ पुरेशी कशी व्हावी? जिंकलेल्या शिपायांविरुद्ध सरकारने वरच्या न्यायालयात जावे, याचाही पुष्कळांस मनस्ताप होतो. राम अवतार यांच्या प्रकरणाबरोबर १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची अशी शेकडो अपिले एकदम निकालात काढली. २०१५ साली खुद्द संरक्षणमंत्र्यांनीच हे खटले कमी कसे करावे हे सुचविण्यासाठी एक तज्ज्ञ समिती नेमली होती, यावरून या दुखण्याची जाणीव वरपर्यंत पोहोचलेली आहे असे दिसते.

आता विद्यार्थिमित्रहो, आपल्यासाठी थोडेसे. आपणांपैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी ट्रंक असेल. सुटीच्या दिवशी वडिलांची किंवा आजोबांची परवानगी घेऊन ती उघडावी. कागद तारखेप्रमाणे लावावे. प्रत्येकाची एक नक्कल वेगळी ठेवावी. सरकारी पत्राचा लिफाफा टाकून देऊ नये. त्यावरील पोस्टाच्या शिक्क्यावरून पत्र केव्हा हाती आले हे दाखविता येते, आणि सहा महिन्यांच्या मुदतीत त्या तारखेचे मोल मोठे असते. वडील कोठे कोठे होते, कोणत्या वर्षी कोणत्या इस्पितळात दाखल झाले, हे त्यांस विचारून लिहून काढावे. ते सांगताना कंटाळा करतील, पण पुष्कळदा मुलाने किंवा मुलीने विचारल्यावरच ते सांगू लागतात. आईसही विचारावे, दुखणे केव्हा सुरू झाले हे तिला अधिक चांगले ठाऊक असते.

पालकांस आमची विनंती अशी आहे की, नकाराचे पत्र आले तर ते लपवून ठेवू नये, आणि त्याची लाजही बाळगू नये. मेडिकल बोर्डाच्या कामकाजाची नक्कल मागवावी. अपिलात रडगाणे न गाता दिलेल्या कारणास उत्तर द्यावे. जे खरे आहे तेवढेच लिहावे, कारण एक खोटे वाक्य दहा खऱ्या वाक्यांची किंमत घालविते. ‘टक्क्यांवर काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थास दाराबाहेरच ठेवावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी विनामूल्य होते. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांस, अपंगांस व अल्प उत्पन्नाच्या लोकांस सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

शाळेत अर्जलेखन शिकविताना मुले आम्हांस विचारतात, “सर, हे परीक्षेत किती गुणांना येतं?” प्रश्न वाजवी आहे, आणि गुणांचा आकडाही आम्ही सांगतो. परंतु तारीख बिनचूक घालणे, मुद्द्यास मुद्द्याने उत्तर देणे, नम्र राहूनही आपला हक्क स्पष्ट सांगणे, या गोष्टींची खरी परीक्षा पुढे कधीतरी घरच्याच एखाद्या माणसासाठी द्यावी लागते. त्या दिवशी पर्यवेक्षक नसतो आणि उत्तराला कधी सहा-सहा वर्षेही लागतात. आपल्या अक्षरज्ञानाचा पहिला उपयोग ज्यांनी आपणांस शाळेत घातले त्यांच्यासाठी व्हावा, याहून चांगले ते काय? ज्यांच्या घरी नकाराचे पत्र पडून असेल, त्यांनी त्यावरील तारीख आजच पाहावी. आम्ही शनिवारी दुपारी शाळेतच असतो.